‘खयचो तू?’ : अनोळखी माणसाशी श्रद्धेबद्दल बोलताना

[मालवणात तरुणांच्या एका छोट्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ऑडिओत पावसाचा आणि पंख्याचा आवाज बराच आहे, म्हणून बऱ्याच जणांनी लेखी मागितलं. मालवणी वाक्यं बोलली तशीच ठेवली आहेत.]

मागे आवाज येतोय ना? बरं.

मी काही वक्ता नाही. बीटेक केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, आणि आता कंपनीच्या कृपेने आणि नेटवर्कच्या लहरीवर इथूनच काम करतो. फादर म्हणाले, अनोळखी माणसांशी रोजच्या बोलण्यात आपल्या श्रद्धेबद्दल कसं बोलायचं यावर पंधरा मिनिटं बोल. मी म्हटलं, फादर, मालवणात अनोळखी माणूस आणायचा कुठून? इथे एस्टीत बसलो की चौके यायच्या आत शेजारच्याला माझी अख्खी कुंडली ठाऊक असते.

हसताय, पण तुम्हालाही हे माहीत आहे. पहिला प्रश्न, “खयचो तू?” दुसरा, “कोणाचो?” मग आपण आडनाव सांगतो. फर्नांडिस, डिसोजा, पिंटो, जे असेल ते. मग दोन सेकंद शांतता. “म्हणजे किरिस्ताव.” आणि मग तिसरा प्रश्न, जो आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आलेला आहे: “मगे तुमचा मूळचा आडनाव काय?”

कॉलेजात असताना या प्रश्नाचा मला भयंकर राग यायचा. वाटायचं, हा मला सांगतोय की तू आधी कोणीतरी वेगळा होतास, खरा नाहीस. त्यात खोच असते, कधी कधी मुद्दाम असते. आणि पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात, विशेषतः साष्टीत, देवळं पाडली गेली हा इतिहास आहे. तो नाकारून आपण कोणाशीही प्रामाणिकपणे बोलू शकत नाही. आमच्या घरात आम्ही मूळचे गोव्याचे असं म्हणतात, कागद काही नाही. पण आता मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. विचारणारा बहुतेक वेळा नातं शोधत असतो. एकदा एका काकांना मी म्हटलं, “म्हायत नाय, पण चारशे वर्सांपूर्वी तुमच्याच वाडीतलो असान.” ते म्हणाले, “मगे तू आमच्यातलोच!” आणि पिशवीतली दोन केळी काढून दिली. धामापूर येईपर्यंत त्यांनी मला नाताळ, मिस्सा, उपास, सगळं विचारून घेतलं. मी एकही विषय काढला नव्हता.

पण आज मला आधी एक वाईट प्रसंग सांगायचा आहे. तो सांगितला नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका प्रार्थना शिबिराला गेलो होतो. तिथून परतलो तो अगदी पेटून. खिशात पत्रकं होती, डोक्यात पाच मुद्दे पाठ होते. आठवड्याने तुतारी एक्सप्रेसने गावी येत होतो. रत्नागिरी गेल्यावर समोरच्या माणसाशी बोलणं सुरू झालं. पन्नाशीचा गृहस्थ, मुंबईत नोकरी, कणकवलीला उतरणार. म्हणाला, “बहीण गेली. बाराव्याक चाललंय.”

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. फार तर विचारलं असतं, आजारी होती का, लहान की मोठी. मी काय केलं? मला वाटलं, आला चान्स. मरण, अनंतकाळचं जीवन, देवाचं प्रेम, मुद्दा एक, मुद्दा दोन. तो ऐकत होता. मी खिशातून पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते नीट बघितलं आणि मला विचारलं, “मगे तुमच्या देवाक ती आदी भेटली असती तर वाचली असती, असा म्हणतंस काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे मुद्दा तीन होता.

त्याने पत्रकाची व्यवस्थित घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, “बस झाला, बाबू.” वैभववाडीपासून कणकवलीपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या बहिणीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इनपुट न घेताच आउटपुट फेकणारा प्रोग्राम. असा कोड मी ऑफिसात लिहिला असता तर रिव्ह्यूमध्येच परत आला असता.

त्यानंतर बरेच महिने मी कोणाशी या विषयावर बोललोच नाही. आणि तेव्हाच घरी मोठ्या बहिणीशी माझा एक वाद झाला. ती मराठी शिकवते. वाद झाला तो नारायण वामन टिळकांवरून.

टिळक आपल्याच कोकणातले, १८६१ चा जन्म. मराठीतले मोठे कवी. त्यांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. बोलणं सुरू झालं, कवितेवरून धर्मावर आलं. त्या माणसाने त्यांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि वर असंही म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना त्या क्षणी ते काही पटलं नव्हतं. पण शब्द दिला म्हणून वाचायला लागले, आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. त्यांना पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा आमच्या शिबिरातला हुकमी दाखला! बघा, एका प्रवाशाने एक पुस्तक दिलं आणि महाराष्ट्राला भक्तिकवी मिळाला. असा प्रवासी तुम्हीही असू शकता, वगैरे. मी बहिणीला हेच ऐकवलं. ती म्हणाली, “तो गाडीतला माणूस पुस्तक देऊन मोकळा झाला. पुढची वर्षं लक्ष्मीबाईंनी काढली. तू ‘स्मृतिचित्रे’ वाचलंयस?”

वाचलं नव्हतं. खरं सांगतो, दहावीच्या धड्यापलीकडे मराठी वाचायची सवय सुटली होती. मग वाचलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या पावसाळ्यात वाचा. १९३४ पासून ते प्रसिद्ध व्हायला लागलं. नवरा दूर गावी जाऊन ख्रिस्ती झाल्याचं कळल्यावर त्या बाईचं काय झालं, नातेवाइकांकडे दिवस कसे काढले, लोक काय बोलले, हे सगळं तिने स्वतः लिहिलंय. रडगाणं न गाता. हसवत हसवत लिहिलंय, म्हणून जास्त लागतं. ती दोघं कित्येक वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळं पाळत राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना पाळू दिलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या स्वतःच्या वेगाने.

मला अजूनही ती आगगाडीतली गोष्ट आवडते. ती वाईट गोष्ट नाही. त्या माणसाने जबरदस्ती केली नाही, लालूच दाखवली नाही. टिळक स्वतः आधीपासून शोधात होते. फक्त ते ‘दोन वर्षांत व्हाल’ मला आता खटकतं. ते भाकीत त्याने टाळलं असतं तरी पुस्तकाचं काहीच बिघडलं नसतं. आणि बहिणीचं म्हणणं मनातून जात नाही. आपण ज्याच्याशी बोलतो तो एकटा नसतो. त्याच्यामागे बायको, आई, भाऊबंद, ग्रामदैवत, वाडीतलं मानपान, अख्खं घर असतं. आपण स्टेशनवर उतरून जातो.

यावर उपाय गप्प बसणं हा आहे का? काही जणांना तसं वाटतं. आपल्या कॅथलिक लोकांना तर फारच सोयीचं, कारण आपण तसेही बोलत नाही. ‘आपला धर्म आपल्या घरात.’ पण पोप फ्रान्सिस यांचं २०१३ चं एक लांबलचक पत्र आहे, ‘इव्हांजेली गाउदियुम’, म्हणजे शुभवर्तमानाचा आनंद. त्यात १२७ आणि १२८ असे दोन परिच्छेद बरोब्बर आजच्या विषयावर आहेत: रस्त्यात, चौकात, कामावर, प्रवासात माणसाने माणसाशी केलेली अनौपचारिक बोलणी. ते म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगतो. पहिली पायरी म्हणजे समोरच्याने बोलायचं. त्याचं सुख, त्याची आशा, त्याच्या माणसांची काळजी. देवाचं वचन त्यानंतर. आणि प्रार्थना करायची तर शेवटी, थोडक्यात, वेळ योग्य वाटली तर. मी वाचलं तेव्हा मला तुतारीतला तो माणूस आठवला. क्रमच उलटा केला होता मी.

याचं आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण आहे. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट लूक्स हॉस्पिटल होतं. तिथे डॉक्टर गोहीन काम करायचे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे चक्क प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत. ही माहिती मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवतो, विषय असो नसो. पण मुद्दा तो नाही. दवाखान्यात आलेल्या अनोळखी माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे ‘खय दुखता?’ धर्माचं बोलणं पुढे होईल किंवा होणारही नाही. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाला काही सांगायचा हक्क मिळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण हल्ली घरचे घाबरतात. माझी आई तर म्हणते, “कोणाक काय सांगू नको, व्हिडिओ काढतीत.” तिची भीती खोटी नाही. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. त्या ‘प्रसार’ शब्दावर संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात बरीच चर्चा झाली आणि तो शब्द ठेवला गेला. मग १९७७ साली सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यातले काही जण या निकालावर चिडतात. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याचं मन बदलायचा अधिकार येशूनेही मला दिलेला नाही. ते पवित्र आत्म्याचं खातं आहे, आणि तिथे माझा लॉगिन नाही. मला सांगायची परवानगी आहे, तेवढी पुरे. त्यामुळे ‘बरं होशील’ असं आश्वासन द्यायचं नाही, पैशाचा विषय आणायचा नाही, लहान पोरांना आईबापाच्या पाठीमागे गाठायचं नाही. हे कायद्याच्या भीतीने नाही, लाज म्हणून.

आता मागच्या जुलैचं सांगतो, मग थांबतो.

संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की मी दांडीच्या किनाऱ्यावर फिरायला जातो. पावसातली मासेमारी बंदी चालू होती. एका मांगरात एक काका जाळं शिवत बसलेले असायचे. रापणकार माणूस. तोंडओळखही नव्हती, पण पाऊस आला म्हणून मी आत शिरलो. नेहमीचे तीन प्रश्न झाले. किरिस्ताव म्हटल्यावर ते थोडा वेळ जाळं शिवत राहिले आणि मग विचारलं, “तुमी पापा सांगतत ती कोणाक? पाद्रीक?”

“होय, काका.”

“मगे तो गावभर सांगत नाय?”

मी सांगितलं, नाही सांगू शकत. कोर्टाने विचारलं तरी नाही. फोडलं तर तोच बहिष्कृत होतो. ते त्यांना फार आवडलं. इतकं की त्यांनी हातातलं काम ठेवलं. “म्हणजे गुपित ऱ्हवता. आणि पाद्रीन माफ केल्यान की झाला? सुटलो?”

मी म्हटलं, तसं नाही. मी शेवटचा कधी पापकबुलीला गेलो होतो, किती लाज वाटली होती, हेही सांगितलं. मग डोंगरावरच्या प्रवचनातली ती गोष्ट आठवली, मत्तयच्या पाचव्या अध्यायातली. ती माझ्या भाषेत सांगितली: तू देवाला काही अर्पण करायला आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

काकांनी विचारलं, “माझ्या मनात तेच्याबद्दल?”

“नाय काका. तेच्या मनात तुमच्याबद्दल.”

मी हे वचन शंभरदा ऐकलंय. हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. त्यांनी विचारलं म्हणून मी फोन काढून परत वाचलं, आणि तसंच होतं. ते म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. नेट नव्हतं, नशीब अॅप ऑफलाइन चालतं.

“कोणी सांगल्यान हा?”

“येशून.”

“तेका भाव होते?”

यावर फादर बोलतील, मी नाही बोलणार. [हशा]

मग त्यांचं बाहेर आलं. सख्खा भाऊ. दोघं मिळून रापण ओढायचे. भावाने पर्ससीनच्या धंद्यात पैसे घातले. आपल्याकडे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, त्याच्या आधीपासून घराघरांत फूट पडलेली. एक दिवस किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, काकांनी भावाला आईवरून शिवी दिली. स्वतःच्याच आईवरून. “धा-अकरा वर्सा झाली. आमी बोलणव नाय. गणपती दोन केले. चूक तेचीच आसा. पण शिवी मी दिलंय.”

मी काय बोलणार? काहीच बोललो नाही. पाऊस जोरात होता, बोलायची गरजही नव्हती. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “आणि तू? तुझो कोणाशी तंटो?”

हे मला अपेक्षित नव्हतं. साक्ष द्यायला मी गेलो होतो ना! पण ज्याने शिवीपर्यंत सगळं सांगितलं त्याला खोटं कसं सांगणार? पुण्यात माझा एक रूममेट होता. डिपॉझिटच्या पैशांवरून आमचं तुटलं. पैसे माझे बुडाले, त्यामुळे मी स्वतःला अगदी धुतल्या तांदळासारखा समजत होतो. पण ग्रुपवर सगळ्यांसमोर मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मगे तूय जा.”

निघताना मी विचारलं, “काका, तुमच्यासाठी आणि भावासाठी रात्री प्रार्थना केली तर चलात?” म्हणाले, “कर मरे. तेका काय पैशे पडतत?” बस. मी पुस्तक दिलं नाही, चर्चला या म्हटलं नाही. ते ख्रिस्ती होतील का हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आला. मी तो तिथेच मांगरात सोडला.

चतुर्थीला त्यांनी मला घरी बोलावलं. गणपतीसमोर मी हात जोडून उभा राहिलो नाही, आणि त्यांनीही आग्रह केला नाही. पडवीत बसवलं आणि मोदक दिले. मी भावाचं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. “मी गेललंय तेच्याकडे. दारातच उभो ऱ्हवलंय. भितर ये म्हणाक नाय. पण काल तेचो झील माटवीक नारळ घेऊन इलो.” आणि बोटाने वर दाखवलं. माटवीत बऱ्याच वस्तू टांगलेल्या होत्या, त्यात कुठला नारळ ते मला कळलं नाही, पण मी मान हलवली.

मग म्हणाले, “तू गेलस काय मित्राकडे?”

“फोन केलंय. उचलूक नाय.”

“परत कर.”

दोनदा केला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, चार मिनिटं बोलला, थोडा तुटकच. डिपॉझिटचं काही बोलला नाही, मीही नाही. नाताळात आईने केलेल्या नेवऱ्या मी काकांकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी आधी मित्राची चौकशी केली, मग डबा उघडला.

चहा आलाय वाटतं. प्रश्न असतील तर चहा घेता घेताच विचारा.